पिवळ्याची पारख

४ मार्च

आजी,

नमस्कार. बसल्या जागीच घे, उठू नकोस.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसती "हो, हो" म्हणतेस आणि ठेवल्यावर आत्याला विचारतेस, "काय म्हणत होती गं ती?" मला सगळं कळतं.

रोपवाटिकेत लागून मला दोन महिने झाले. ही मंडळी फुलांचे कंद विकतात. दरवर्षी एक रंगीत पुस्तिका छापतात, लोक त्यातले फोटो बघून कंद मागवतात. फोटो काढायचं काम माझ्याकडे आहे. लाल झाले, जांभळे झाले, कुणी नाव ठेवलं नाही. आता पिवळ्यांची पाळी आहे. अकरा जाती आहेत, त्यातल्या दोन उमलायच्या राहिल्यात. लांब देठ, मागे सहा पाकळ्या आणि मधे पेल्यासारखा उभा भाग. कुणी लिंबाच्या रंगाचं, कुणी लोण्याच्या, कुणी अंड्यातल्या बलकाच्या.

आणि माझ्या फोटोत सगळी एकसारखी! पाकळीवर शिरा नाहीत, पेल्याची चुणी नाही, नुसता पिवळा डाग. मालकिणीने नऊ फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाली, "ही नऊ फुलं आहेत, की एकाच फुलाचे नऊ फोटो?" फुलं जेमतेम दीड महिना टिकतात. तेवढ्यात जमलं तर मी कायम, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला बोलावणार.

तू एकतीस वर्षं रंगखान्यात सुताच्या लड्या जुळवल्यास. पिवळ्याचं काय करायचं असतं, सांग.

आणखी एक. आत्या म्हणते, तू हल्ली सुईत दोरा ओवून घ्यायला खालच्या शिंपिणीकडे जातेस. खरं का? डोळे दाखवून ये.

तुझी भिंगरी

९ मार्च

भिंगरी,

पत्र पोचलं. अक्षर मोठं काढत जा, कागद काही सोन्याचा नाही.

सुईचं म्हणशील तर हल्ली कारखानेच भोकं बारीक पाडतात. शिंपिणीकडे मी जाते ती तिच्या सासूची गाऱ्हाणी ऐकायला. दोरा हे निमित्त. तुझ्या आत्याला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड लहानपणापासून आहे, आणि यात घर माझंच आहे, म्हणून तिचं फावतं.

आता पिवळ्याचं ऐक. मी चौथीपर्यंत शिकले, पण पिवळ्यात मला कुणी फसवलं नाही. सगळ्या रंगांत लबाड रंग तो. लाल भांडखोर असला तरी तोंडावर भांडतो. पिवळा उन्हात नेलास की पांढरा होऊन बसतो, सावलीत नेलास की हिरव्याशी संगनमत करतो, आणि दिव्याखाली धरलास तर केशरी असल्याचा आव आणतो. म्हणून आमच्याकडे पिवळी लडी उन्हात बघायला बंदी होती. उत्तरेच्या खिडकीशी जायचं, खाली राखाडी कापड अंथरायचं, त्यावर लडी ठेवायची. एकदा बघायचं, की लगेच नजर कापडावर. टक लावून बघितलंस तर डोळा गोडावतो. गोड खाल्ल्यावर चहा अगोड लागतो ना, तसं. मग फिकी लडी आणि भरलेली लडी सारखीच वाटते.

तू नक्की भर दुपारी फोटो काढत असणार, फूल "उजळ" दिसावं म्हणून. पिवळं फूल मुळातच उजळ असतं, त्याला आणखी उजेड म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा पानावर बसवणं. आभाळ भरून आलं की काढ. ऊन असलंच तर मधे पांढरं पातळ कापड धर. तुझ्या यंत्रात उजेड कमी घ्यायची सोय असेल तर फूल जरा काळवंडलंय असं वाटेपर्यंत कमी घे. उजेड बाजूने येऊ दे, म्हणजे शिरांची सावली पडेल. शिरा सावलीनेच दिसतात, उजेडाने नाही.

आणि फोटो त्या फोनच्या काचेवर दाखवू नकोस मला. काचेतला रंग कुणाच्या बापाचा नसतो. कागदावर काढून पोस्टाने धाड.

आजी

१७ मार्च

आजी,

तू जिंकलीस!

तीन दिवस आभाळाची वाट बघितली. चौथ्या दिवशी सकाळी भरून आलं तशी चहा टाकून पळाले. राखाडी कापड नव्हतं, म्हणून माझा रेनकोट उलटा करून फुलामागे धरला, त्याची आतली बाजू राखाडी आहे. उजेड कमी केला, अजून कमी केला. कॅमेऱ्यात प्रत्येक रंग किती भरलाय ते दाखवणारा आलेख असतो. पिवळ्यात लालही मोजला जातो, आणि इतके दिवस त्या लाल रंगाचं भांडं काठावरून उतू जात होतं आणि मी वरवर बघून खूश होते. आता ते काठाच्या खाली राहिलं, आणि आजी, पाकळीवर शिरा उमटल्या! पेल्याच्या काठाची चुणीसुद्धा. लिंबू लिंबासारखं, बलक बलकासारखा.

मालकीण चष्मा वर करून म्हणाली, "बरं. काहीतरी दिसायला लागलं." ती इतकंच बोलते, म्हणजे पेढेच समज.

पाच फोटो पाठवतेय, जाड बिनचकाकीच्या कागदावर, भोवती पांढरी कड सोडून. रंग बघ आणि खरं सांग. तू हो म्हणालीस की मी सगळे त्याच पद्धतीने छापायला देते. मालकिणीपेक्षा तुझा होकार मला मोठा आहे.

डोळे दाखवलेस का? उत्तरात त्याबद्दल चकार शब्द नव्हता, नुसती कारखान्यांना नावं ठेवलीस.

भिंगरी

२२ मार्च

भिंगरी,

फोटो पाचही बघितले. खरं सांग म्हणालीस, तर ऐक. मला पसंत नाहीत.

उजेड कमी केलास ते ठीक, पण रंगही काढून घेतलास की काय? सगळी फुलं आजारातून उठल्यासारखी. शिरा म्हणतेस, मला एक दिसली नाही. आणि कागद कुठला घेतलास गं? कड पिवळट, फूल पिवळट, कोण कुठे संपतं ते कळेना. ते लिंबाच्या रंगाचं तर कागदातच विरघळलंय. बोटाने चाचपून बघितलं, तर बोटाला काय कळणार.

रंग चढव. दुप्पट चढव. पिवळ्याला दबून राहायची सवय नाही. लडी फिकी निघाली की आम्ही पुन्हा कढईत टाकायचो, त्यात लाज कसली.

मी सांगते म्हणजे कर. एकतीस वर्षांत माझी एक लडी परत आली नाही.

आजी

२९ मार्च

आजी,

केलं. दुप्पट चढवला रंग. काढून झालेल्या नऊच्या नऊ फोटोंना.

मालकिणीने पहिला फोटो उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. मग खिडकी उघडली, जणू खोलीत वास मारत होता.

"हे काय आहे?"

"फुलं."

"फुलं बाहेर वाफ्यात आहेत. हे रंगाच्या डब्यात बुडवून काढलंय. मागच्या वेळी बरे होते, मग बिघडवले का?"

"माझी आजी म्हणाली," हे माझ्या तोंडातून निघून गेलं. विचार कर, तिशीला आलेली बाई साहेबीणबाईंसमोर सांगतेय, आजी म्हणाली! ती हसली नाही. म्हणाली, "मग पुढच्या गुरुवारी आजीलाच घेऊन ये, नाहीतर मी दुसरा माणूस बोलावते." फुलं उतरणीला लागलीत. दोन जाती तेवढ्या उशिराच्या, कळीत आहेत.

घरी आले, तुझ्यावर चिडले, दोन्ही खेपांचे फोटो जमिनीवर मांडले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. आणि चिडणं थांबलं.

आजी, कागद पांढरा आहे. पिवळट नाही. दुकानात मिळतो त्यातला सगळ्यात पांढरा कागद आहे तो. आणि तुझं पत्र बघितलंस का? तिसऱ्या ओळीवर चौथी ओळ चढलीय. तुझ्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या असायच्या. आत्याला फोन केला. ती म्हणाली, परवा तू पाणी पेल्याच्या शेजारी ओतलंस आणि वर पेल्यालाच शिवी दिलीस.

किती दिवस झाले?

भिंगरी

१ एप्रिल

माझे डोळे ठीक आहेत. तुझ्या आत्याच्या जिभेला हाड नाही. पेला मी मुद्दाम सरकवला होता. तुझी मालकीण आणि तू, दोघी मिळून काय ते बघा, मला विचारू नका. या पत्राला उत्तर धाडू नकोस.

आजी

३ एप्रिल

आजी,

उत्तर धाडू नकोस म्हणालीस, म्हणून हे उत्तर नाही.

रंगखान्यात नवी मुलगी आली की तू तिच्यासमोर दोन लड्या ठेवायचीस, जवळजवळ सारख्या, आणि विचारायचीस, "यातली फिकी कुठली?" अंदाजाने बोलली तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही. "माहीत नाही" म्हणाली तर ठेवून घ्यायचीस. मला तूच सांगितलंयस. खोटं बोलणाऱ्यापेक्षा माहीत नाही म्हणणारी रंगाला बरी, हे तुझंच वाक्य.

सोबत दोन चौकोनी तुकडे आहेत. एक कोरा पांढरा कागद. दुसरा लिंबाच्या रंगाच्या पाकळीचा फोटो, तितकाच कापलेला. मागे काही लिहिलेलं नाही. पांढरा कुठला, एवढंच सांग. आत्याला आणि शिंपिणीला विचारायचं नाही. खिडकीशी बस, उत्तरेच्या.

भिंगरी

११ एप्रिल

भिंगरी,

माझ्याच लड्या माझ्यासमोर ठेवल्यास. कार्टी आहेस. पण बरं केलंस.

दोन दिवस तुकडे घेऊन खिडकीशी बसले. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं. राखाडी पदरावर ठेवून बघितलं. एकदा वाटलं डावा, मग अदलाबदल केली तर तेव्हाही डावाच वाटला. शिंपीण आली होती, "काय बघताय आजी?" म्हणाली. "माझं नशीब," म्हटलं, तर घाबरून गेली खाली. तिला विचारलं असतं तर क्षणात कळलं असतं. विचारलं नाही.

तेव्हा उत्तर लिहून घे. माहीत नाही.

सव्वा वर्ष झालं असेल. आधी वाटलं दिवे मंद झाले, मग वाटलं चष्म्याला तेल लागलंय. मग कळलं, पण कळलेलं कुणाला सांगितलं नाही. माझी थोरली बहीण तू बघितली नाहीस. तिची नजर साठीला गेली. काचबिंदू म्हणाले, उशीर झाला म्हणाले. शेवटची सहा वर्षं ती भिंतीला हात लावून चालायची. खोलीपासून मोरीपर्यंत भिंतीवर तिच्या बोटांचा पट्टा उमटला होता, आणि ती गेल्यावर तो मीच खरवडून काढला. मला वाटलं माझंही तेच चाललंय. डॉक्टरकडे गेलं की तो नाव घेणार. नाव घेतलं नाही तोवर आपलं बरं, असं धरून बसले होते. शहाणपणा म्हण, भित्रेपणा म्हण, दोन्ही एकाच दुकानात मिळतात.

मी माझ्यापुरती घाबरून बसले असते, चाललं असतं. पण आंधळ्या डोळ्याने तुझ्या फोटोंना नापास केलं, वर एकतीस वर्षांची साक्ष काढली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तिला रंगखान्याच्या दारातून आत घेतलं नसतं.

म्हणून मंगळवारी आत्याला म्हटलं, चप्पल घाल. कुठे म्हणाली. डोळ्याच्या डॉक्टरकडे म्हटल्यावर दहा पावलं गप्प चालली, हा तिचा आजवरचा सगळ्यात लांब मौनाचा काळ.

डॉक्टर पोरगेलासा. यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्यात दिवा मारला, कसलीशी फुंकर मारली.

"आजी, किती दिवस झाले?"

"तू सांग. यंत्र तुझं आहे."

पुन्हा बघितलं. मी खुर्चीचा हात धरून बसले होते, तो सोडवेना. म्हटलं, "काचबिंदू असेल तर सरळ सांग. माझ्या मुलीकडे बघून नको, माझ्याकडे बघून सांग."

"काचबिंदू नाही."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. दाबही बरोबर आहे, मागचा पडदाही चांगला आहे. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. पिकलाय चांगला. डोळ्यातलं भिंग चहासारखं झालंय. तुम्ही सगळं चहातून बघताय."

"आणि उपाय?"

"भिंग काढायचं, नवं घालायचं. अर्धा तास. एक डोळा या महिन्यात, दुसरा पुढच्या. दिसेल."

दिसेल म्हणाला. मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. तुझी आत्या रडायला लागली. तिला म्हटलं, रुमाल माझा आहे, जपून वापर. घरी येताना मी इतकी भराभर चालले की ती मागून ओरडत होती, "आई, दिसत नाही ना तुला, मग पळतेस काय!" खरंच पळत होते बहुतेक. सव्वा वर्ष पोटात दगड घेऊन हिंडत होते, तो कुठे पडला कोण जाणे.

आता तुझं. माझं पहिलं पत्र खरं, दुसरं खोटं. पहिल्यातलं हातांनी शिकलेलं होतं, ते डोळ्यांबरोबर जात नाही. दुसऱ्यात मी चहातून बघितलं. चढवलेला रंग उतरव आणि यापुढे तुला दिसेल तेच खरं मान. आणि मालकिणीला सांग, आजी यायला तयार होती, पण तारीख दुसरीकडे लागली आहे.

आजी

१६ एप्रिल

आजी!

पत्र वाफ्यांच्या मधे उभी राहून वाचलं. "काचबिंदू नाही" इथवर आले आणि खाली मातीतच बसले. माळी धावत आला, त्याला वाटलं चावलं काहीतरी. म्हटलं, "नाही, काही नाही चावलं. मोतीबिंदू आहे फक्त, आजीला मोतीबिंदू आहे!" मोतीबिंदूवर इतकं खूश झालेलं माणूस त्याने पहिल्यांदाच बघितलं असणार.

तुझं पत्र येण्याआधी गुरुवार उरकला होता. पहिले फोटो माझ्याकडे तसेच होते, रंग मी मागाहून चढवला होता. राहिलेल्या दोन जाती बुधवारी पहाटेच्या धुक्यात काढल्या. पहिल्यांदाच कुणाला न विचारता छापले. तुझा होकार नसताना कुठलाही रंग मी आजवर पक्का केलेला नाही, साधा ड्रेससुद्धा नाही.

मालकिणीने माळ्याला वाफ्यातून अकरा फुलं तोडून आणायला सांगितली. प्रत्येक फोटोशेजारी त्याचं फूल ठेवत गेली. नवव्यापाशी थांबली, फूल उचलून दहाव्यापाशी नेलं, पुन्हा परत आणलं. शेवटी म्हणाली, "तुला पुढच्या वर्षी चांगला रेनकोट लागेल. याची आतली बाजू फाटायला आलीय." मी मठ्ठासारखी म्हटलं, "पुढच्या वर्षी?" तर म्हणाली, "मग? फुलं दरवर्षी येतात."

कायम झाले, आजी.

फोटो लगेच पाठवत नाही. डॉक्टरचं काम झाल्यावर पाठवते. आत्याचं ऐक, पट्टी चाचपू नकोस.

भिंगरी

६ मे

भिंगरी,

हे पत्र मी लिहिते आहे आणि मला ओळी दिसतात. वर-खाली बघ, एक तरी चढली आहे का.

उजवा डोळा झाला. दुखलं नाही. दुखेल म्हणून मी डॉक्टरसाठी चार शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या वाया गेल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि पहिली दिसली ती भिंत. गेलं वर्षभर मी तुझ्या आत्याच्या मागे लागले होते, भिंती पिवळ्या पडल्यात, रंग काढ, तुझ्याच्याने घर सांभाळवत नाही. भिंत पांढरीशुभ्र आहे गं. पिवळी मी पडले होते. आत्याला हे अजून सांगितलेलं नाही. ती रंगाऱ्याला भेटून आली आहे, तेव्हा आता सांगावं लागेल.

तिची जुनी चादर मी राखाडी समजत होते, ती निळी आहे. चांगली निळी, आमच्या रंगखान्यात निघायची तशी. अर्धा दिवस मी तिच्याकडेच बघत बसले होते. आत्याने विचारलं, काय झालं. म्हटलं, धूळ बसलीय.

तुझे अकरा फोटो परवा आले. खिडकीशी मांडले. आता डावा डोळा जुना आणि उजवा नवा, त्यामुळे माझी मजा आहे. डावा झाकला की एक दुकान, उजवा झाकला की दुसरं. डाव्याने बघितलं, तू नापास. तेच आजारी, विरघळलेलं पिवळं. मग उजव्याने बघितलं.

शिरा आहेत. पाकळीच्या टोकापर्यंत गेल्या आहेत, केसांसारख्या. लोण्यात आणि लिंबात चांगलं बोटभर अंतर आहे. बलकाच्या पेल्यात आत जरा केशरी उतरतं, ते तू जाऊ दिलं नाहीस. सगळे उलटे करून पत्त्यांसारखे पिसले, मागची नावं न बघता फिक्यापासून भरलेल्यापर्यंत लावले. अकराही लागले. माझ्याकडे असतीस तर पहिल्याच दिवशी ठेवून घेतली असती.

आता खोड. चौथ्या फुलात, उजवीकडच्या वरच्या पाकळीवर एक मुंगी आहे. तुझ्या मालकिणीला दिसली नाही, माळ्याला दिसली नाही, तुझ्या यंत्राला दिसली पण ते बोललं नाही. मला दिसली. पाय मोजले, सहा आहेत. छापून गेलं असेल तर राहू दे, कंदाबरोबर मुंगी फुकट असं समजतील लोक. नसेल गेलं तर फुंकर मारून पुन्हा काढ. आणि इतकं बारीक बघणारी आजी आपल्याला आहे हे मालकिणीच्या कानावर घाल, गुरुवारी कुणाला घेऊन यायचं म्हणत होती ती.

सगळंच काही चांगलं दिसलेलं नाही. आरशात बघितलं. तोंडावर इतक्या सुरकुत्या कधी पडल्या, कुणी बोललं नाही. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे गप्प होते, आत्यासकट, आणि म्हणे तिच्या जिभेला हाड नाही. मग उजवा झाकून डाव्याने बघितलं, तर पूर्वीसारखीच, गुळगुळीत, सोनेरी. डॉक्टरला म्हटलं, हा डावा आरशापुरता राहू दे का? नाही म्हणाला. बावीस तारीख दिली आहे.

आजी